पणजोबा मोंबाशाला रेल्वेच्या कामावर जाऊन परत आले होते, त्यांचा माग कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की तुमचं गाव सिन्नर तालुक्यातलं, पणजोबा १९०० च्या आसपास युगांडा रेल्वेच्या कामावर गेले आणि काही वर्षांनी परत आले. आता त्यांच्या जहाजाचं नाव आणि तारीख कुठल्या संकेतस्थळावर मिळेल, आणि डीएनए चाचणीचा उपयोग होईल का, हे तुम्हाला हवंय.

डीएनएचे पैसे वाचवा. थुंकी पाठवून फार तर लांबची एखादी चुलत बहीण सापडेल, पण पणजोबा बोटीत चढले होते की नाही हे काही त्यात दिसत नाही. जहाजाचं नावही तूर्त बाजूला ठेवा. परत आलेल्या माणसाला लोक परदेशात का शोधतात हे मला कळत नाही. तो आला ना घरी? मग त्याचे कागदही घरीच असणार.

एवढ्या तावातावाने लिहितोय, कारण आमच्या भावकीत याच विषयावर भांडण आहे. माझे पणजोबा इगतपुरीला जीआयपी रेल्वेच्या (आताची मध्य रेल्वे) कारखान्यात सुतार होते. तिथून मोंबाशाला गेले आणि काम संपल्यावर आले, असं आजी सांगायची. त्यांच्या थोरल्या भावाचा पणतू, आमचा दादा, पुण्यात असतो. त्याने कुठल्याशा परदेशी वंशावळीच्या साइटची वर्षाची वर्गणी भरली, तिथे नाव टाकलं, काही आलं नाही, आणि भावकीच्या ग्रुपवर निकाल दिला: "रेकॉर्ड नाही, म्हणजे गेलेच नव्हते. कल्याणला असतील." एरवी मी सोडून दिलं असतं. पण आमचा नदीकाठचा मळा धाकट्याच्या आफ्रिकेच्या पैशावर घेतला की थोरल्याच्या कमाईवर, हा वाद त्यामागे आहे. दादाला पणजोबा कल्याणलाच हवे आहेत ते त्यासाठी.

आता त्या रेकॉर्डचंच बघा. मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर हा रेल्वेमार्ग १८९६ ते १९०१ मध्ये झाला. त्यासाठी हिंदुस्थानातून जवळजवळ ३२,००० माणसं नेली, बहुतेक पंजाबातली. सुमारे २,५०० तिथेच मेली. ६,७०० च्या आसपास तिकडे राहिली. बाकीची परत आली, त्यातली सहा हजारांवर आजारी किंवा जायबंदी होऊन. म्हणजे राहिलेल्यांच्या तिपटीहून जास्त लोक परतले, तरी लिहिलं गेलं ते राहिलेल्यांवर, नाहीतर साव्होच्या माणसं खाणाऱ्या सिंहांवर. (आमचे पणजोबा उन्हाळ्यातही अंगणात झोपत नसत, त्याचं कारण ते सिंह, असं आजी म्हणायची. मला हा किस्सा मागाहून चिकटवलेला वाटतो.)

नाशिककरांनी तरी हे विसरू नये. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. त्या शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं वाढली, कसब शिकली. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. १८७४-७५ च्या सुमारास यांतले बरेच जण पूर्व आफ्रिकेत परत गेले आणि मोंबाशाजवळ सुटलेल्या गुलामांची फ्रिअर टाउन ही वस्ती वसली. त्यांची आठवण तिकडे आहे. इथे रस्त्याची पाटी आहे.

तर, पहिली जागा रामकुंड. समुद्र ओलांडून आलेल्याला तेव्हा जातीत परत घ्यायचं म्हणजे काय काय करावं लागे, ते तुम्हाला माहीत असेलच. गांधीजी १८९१ मध्ये विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, तेव्हा राजकोटला नेण्याआधी भावाने त्यांना नाशिकला आणून गोदावरीत स्नान घातलं, जातीतल्या एका गटाची समजूत काढायला. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. राजकोटच्या माणसाला वाट वाकडी करून नाशिक गाठावं लागलं, तर इगतपुरीचा नाहीतर सिन्नरचा माणूस रामकुंड चुकवेल होय?

पंचवटीत तीर्थपुरोहितांकडे आलेल्या यजमानांच्या नोंदींच्या वह्या आहेत. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तुमच्या गावाचे गुरुजी कोण ते तिथलं कोणीही सांगेल. सकाळी अस्थी आणि दशक्रियेची गर्दी असते, दुपारनंतर जा. पितृपक्षात आणि सिंहस्थात तर मुळीच जाऊ नका. दक्षिणेवरून घासाघीस करू नका. ज्या घराण्याने त्या वह्या वाळवी आणि गोदेच्या पुरातून जपल्या, त्यांच्याशी शंभर रुपयांवरून हुज्जत घालणारे लोक मी पाहिलेत. जुने लेख मोडीत असतात, तेव्हा फोटो काढायची परवानगी आधीच मागा.

आमच्या वहीत खापरपणजोबांच्या अस्थी घेऊन थोरले एकटेच आल्याची नोंद निघाली. धाकटे त्यात नाहीत. मग शके १८२४ मध्ये, म्हणजे १९०२-०३ ला, धाकटे स्वतः आलेले, खाली त्यांची सही. बापाच्या अस्थींना मुलगा येत नाही, याचा अर्थ तो पोचू शकेल इतक्या अंतरावर नव्हता. दादा म्हणाला, "भांडण झालं असेल." आता काय बोलणार.

दुसरी जागा जमिनीचे कागद. मळ्याच्या सातबाऱ्यावरून मागे मागे फेरफार काढत गेलो. हक्कनोंदणीचा कायदाच १९०३ चा, त्यामुळे त्याआधीची खरेदी फेरफारात आम्हाला मिळाली नाही. त्यासाठी नोंदणी कार्यालयाची जुनी सूचीपुस्तकं बघावी लागली. एका कार्यालयात (नाव घेत नाही) मला सांगितलं की त्या काळातलं काही उरलेलंच नाही. पुढे बदलून आलेल्या कारकुनाने त्याच कपाटातून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. तेव्हा एकदा "नाही" ऐकून घरी येऊ नका. रीतसर अर्ज करा, शोध फी भरा, पोच घ्या.

खरेदीखत १९०० सालचं निघालं. मोडी वाचणाऱ्याकडून बाळबोधीत उतरवून घेतलं. लिहून घेणार म्हणून माझ्या पणजोबांचं नाव, पुढे धंदा सुतारकाम, हल्ली वस्ती मोंबासे, तर्फे वडील बंधू. किंमत २४० रुपये, रोख भरून पावले. साध्या मजुरालाही त्या कामावर महिना १५ रुपये आणि शिधा होता, कारागिराला त्याहून जास्त. २४० रुपये दोन वर्षांत सहज साठतात. परदेशात एका ओळीत न सापडलेला माणूस त्याच्या स्वतःच्या तालुक्यात पत्त्यासकट सापडला.

तुम्हीही आधी हेच करा. १८९६ ते १९०५ या काळात तुमच्या घराण्यात काही जमीन, विहीर, वाडा झाला का ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. परत आलेला माणूस पैसा जमिनीतच घालतो. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात जुनी कोतवाल बुकं (गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींची) आणि शाळांची रजिस्टरं बाहेर निघाली, बरीचशी स्कॅनही झाली, मोडी वाचणारेही आता पूर्वीपेक्षा सहज मिळतात. त्याचा फायदा घ्या. मुलांच्या जन्मनोंदींत मध्येच चार-पाच वर्षांची फट दिसली तर बाप तेव्हा घरी नव्हता असं धरायला हरकत नाही. नुसत्या फटीवर मात्र कोणाशी पैज लावू नका.

हे सगळं ज्यांच्याकडे जमीन होती आणि ज्यांना रामकुंडावर जागा होती, त्यांच्यासाठी. ज्यांना १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह करावा लागला, त्यांना पूर्वज पुरोहिताच्या वहीत शोधा म्हणून सांगणं उर्मटपणाचं आहे. त्यांनी शाळेचं जनरल रजिस्टर आणि कोतवाल बुक आधी बघावं, घराण्यात कोणी पलटणीत असेल तर पेन्शनचे कागद. आणि पूर्वज मॉरिशसला गिरमिटावर, म्हणजे करारावरच्या मजुरीला, गेला असेल तर माझं म्हणणं उलटं धरा. तिथे प्रत्येक मजुराला क्रमांक होता आणि ती रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. युगांडा रेल्वेचं तसं नाही.

जहाजाचं नाव हवंच असेल तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आणि राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे फुकट संकेतस्थळ चाळा. सरकारी पत्रव्यवहार भरपूर आहे, पण त्यात मजुरांचे आकडे जास्त आणि नावं कमी. बरीच जहाजं कराचीहूनही सुटली, तेव्हा फक्त मुंबई धरून बसू नका.

एक शेवटचं. कागद मिळाला की आधी सही-शिक्क्याची नक्कल घ्या, मग ग्रुपवर टाका. मी खरेदीखताचा फोटो टाकल्यावर दादाने दोन दिवसांनी उत्तर दिलं: "तर्फे म्हणजे मुखत्यारपत्र पाहिजे, ते कुठंय?" बरोबर आहे, पाहिजेच. सूचीचा पुढचा खंड मागवलाय.