बँडमध्ये वाजवून जॅझ सॅक्सोफोनवादक होता येतं का? (वय 19, निपाणी. 'वरातीत वाजवून हात बिघडतो' असं सर म्हणतात, घरचे तर वाद्यच नको म्हणतात.)

नुसत्या जॅझवर निपाणीत पोट भरणार नाही, हे आधीच सांगतो. पण 'हात बिघडतो' हे वाचलं आणि मी उठूनच बसलो.

मी बेळगावच्या शहापूरचा. दिवसा उद्यमबागेत फौंड्री, लग्नसराईत बँड, अल्टो सॅक्स. 1994 च्या उन्हाळ्यात कॅम्पातल्या एका गोवेकर काकांनी अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची कॅसेट दिली. मागंपुढं करून करून टेप इतकी ताणली की शेवटी पार्करला सर्दी झाल्यासारखं ऐकू यायचं. त्यातच अनगोळची वरात आली. अंतरा संपला, धृपदावर यायचं, आणि मी आलोच नाही. डोळे मिटले आणि पार्करसारखं 16 मात्रा मनचंच वाजवत सुटलो. डोळे उघडले तर नवरदेवाचे मित्र हात वर करून तसेच उभे, आणि ट्रम्पेटवाला बँडमास्तरांकडं बघतोय. मास्तर आले, माझ्या सॅक्सचं माउथपीस रीडसकट (फुंकल्यावर थरथरतं ते वेताचं पातं) पिळून काढलं आणि स्वतःच्या जरीच्या कोटात टाकलं. म्हणाले, "लग्न कुणाचं हाय? तुझं?" उरलेली वरात मी ते मुंडकं नसलेलं वाद्य गळ्यात घालून, चाव्यांवर खोटी बोटं नाचवत चाललो. पैसे माणसं मोजून ठरले होते ना.

पार्करचं काय झालं होतं? 1936, कॅन्सस सिटीचा रेनो क्लब. पोरगं वाजवता वाजवता भरकटलं, तर ड्रमर जो जोन्सनं झांज काढून त्याच्या पायाशी फेकली. पुढच्या उन्हाळ्यात हा ओझार्कच्या डोंगरात सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या तबकड्या घोटत बसला. तीन-चार वर्षं दिवसाला 11 ते 15 तास रियाज केला, असं स्वतःच सांगायचा. मी हे मास्तरांना ऐकवलं. ते म्हणाले, "मी झांज फेकली असती तर तिचे पैसे तुझ्याच मजुरीतनं कापले असते."

घरच्यांना सॅक्सोफोनवादक कद्री गोपालनाथ ऐकव. मंगळूरकडचा माणूस, बाप नागस्वरम (दक्षिणेतलं सनईसारखं वाद्य) वाजवणारा. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि त्यावर कर्नाटक संगीत आणलं. 1980 ला मुंबईच्या जॅझ महोत्सवात अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडीबरोबर वाजवलं, 2004 ला पद्मश्री. ऐकलं कुठं? बँडमध्ये. सांग तुझ्या सरांना.

बँडमध्ये तीन तास उभं राहून फुंकलास की ओठ तयार होतो. सकाळी ऐकलेलं गाणं संध्याकाळी वाजवावं लागतं, त्यानं कान तयार होतो. क्लासात बसून हे येत नाही. फक्त तेवढ्यावर थांबू नको, घरी रोज सगळ्या पट्ट्या घोट.

आता मास्तरांची बाजूही सांगायला हवी. पार्करसुद्धा पियानोवादक जे मॅक्शॅनच्या बँडमध्ये नाचणाऱ्यांसाठी वाजवून पुढं आला. मी मात्र नाचणाऱ्यांचे पाय विसरलो. आणि पार्करचं वाजवणं घे, जगणं नको. हेरॉइन, दारू, 1955 ला गेला तेव्हा वय 34.

माउथपीस तिसऱ्या दिवशी परत मिळालं. मास्तरांनी नवी रीड लावून दिली होती. आता ते नाहीत, म्हणून इथं लिहितो: त्या 16 मात्रा बरोबर होत्या.