'सगळे बघत होते हो माझ्याकडे!'

"कपड्यांचा प्रश्न घेऊन तुमच्याकडे कोणी येतं का हो, मॅडम?" समुपदेशनासाठी आलेल्या एका बाईंनी बसता बसता मला विचारलं.

येतात. पण पहिल्याच भेटीत सांगत नाहीत. आधी झोपेचं बोलतात, मग कामाचा ताण, घरातल्या कुरबुरी, आणि उठायच्या बेतात असताना "तसं काही विशेष नाही, पण…" अशी सुरुवात होते. कपाटात एखादा झगझगीत शर्ट किंवा रंगीबेरंगी ड्रेस हौसेनं आणून ठेवलेला असतो, आणि तो घालून घराबाहेर पडायचा धीर होत नाही. हे बायका सांगतात तसं पुरुषही सांगतात. पुरुष जरा जास्त लाजत सांगतात, एवढाच फरक.

या बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पंचेचाळिशीच्या आसपास. हिशेबाच्या कामात मुरलेल्या, मोजकं आणि नेमकं बोलणाऱ्या. कपडे कायम फिके: राखाडी, बदामी, फार तर आकाशी. एकदा त्यांनी गडद केशरी ड्रेस घेतला, त्यावर मोठाली जांभळी फुलं आणि पोपटी पानं. घरी आरशासमोर उभं राहून त्या स्वतःवरच खूश झाल्या होत्या. तोच ड्रेस घालून ऑफिसच्या स्नेहसंमेलनाला गेल्या. दाराशी पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. आत पाऊल टाकलं मात्र, छातीत धडधडायला लागलं, कानशिलं तापली. हातात राखाडी जॅकेट होतंच. ते चढवलं, गळ्यापर्यंत चेन ओढली, कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि भर उकाड्यात घामाघूम होत संध्याकाळ काढली. घरी आल्यावर ड्रेस घडी करून कपाटात सगळ्यात खाली.

"सगळे बघत होते हो माझ्याकडे!"

मी विचारलं, "सगळे म्हणजे कोण कोण?" त्यांनी आठवून तीन नावं सांगितली. एकानं नुसतं बघितलं होतं. एक जण बघून हसली होती. तिसऱ्या सहकारी बाई म्हणाल्या होत्या, "अरे वा, आज एकदम रंगीत!" हा टोमणाच होता याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. मग मी विचारलं की त्या सहकारी बाईंनी स्वतः काय घातलं होतं? आठवेना. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचा शर्ट? आठवेना. संध्याकाळभर इतकी माणसं डोळ्यांसमोरून गेली, पण कोणाच्याही अंगावरचा रंग त्यांना सांगता आला नाही.

इथे बहुतेक जण हसतात आणि म्हणतात, आलं लक्षात. या बाई तशातल्या नव्हत्या. "त्यांचे कपडे साधे होते, म्हणून नाही आठवत. माझा भडक होता. मला कोणी विसरणार नाही."

मुद्दा चुकीचा नव्हता. सारख्या दिसणाऱ्या गोष्टींमध्ये एक वेगळी असेल तर तीच लक्षात राहते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी 1933 सालीच दाखवून दिलं आहे. राखाडी घोळक्यात केशरी उठून दिसणारच. म्हणून अशा वेळी "छे, कोणी बघत नाही गं" असा जो दिलासा घरचे आणि मैत्रिणी देतात, तो मी देत नाही. हेतू चांगला असतो, पण ते खरं नाही आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. वर पहिल्यांदा कोणी मान वळवून बघितलं की तो दिलासा तिथल्या तिथे कोसळतो.

मात्र किती जण बघतात याचा आपला अंदाज बराच फुगलेला असतो. त्यांना मी टी-शर्टचा प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचा मोठा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला लावायचा. त्या वयाच्या मुलांना तो चारचौघांत घालणं लाजिरवाणं वाटेल, म्हणूनच निवडलेला. मग त्याला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं, थोड्या वेळानं बाहेर बोलवायचं आणि विचारायचं की शर्टावर कोण आहे हे कितीजण सांगू शकतील? घालणाऱ्यांचा अंदाज साधारण निम्म्या जणांचा. प्रत्यक्षात सांगू शकले जेमतेम चौथा हिस्सा. पुढे लाज वाटणार नाही असे, लोकप्रिय व्यक्तींचे चेहरे असलेले शर्ट घेऊन हेच केलं. तेव्हाही अंदाज जवळपास निम्म्याचाच, आणि खरं उत्तर दहातल्या एकापेक्षाही कमी. म्हणजे लाजेपोटीच असं होतं असंही नाही. आपण आपल्या शर्टाच्या आत असतो, त्यामुळे तो सगळ्या खोलीला आपल्याइतकाच दिसत असणार असं धरून चालतो.

बाईंनी हिशेबनिसाच्या सवयीनं आकडा पकडला. "म्हणजे चौथा हिस्सा बघतोच की!"

हो. बघतोच. आमचं खरं काम तिथून सुरू झालं. कोणी बघणारच नाही अशी खात्री मिळाल्यावर ड्रेस घालायचा असं ठरवलं तर तो दिवस उजाडणार नाही. बघितलं गेलो तरी खोलीत थांबता येतं का, हा प्रश्न हाताळता येण्यासारखा होता.

त्या हसणाऱ्या बाईचं काय, हे मात्र त्यांच्या मनातून जाईना. त्यावर मी आणखी एक जुना प्रयोग सांगितला. 1980 साली रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा यांनी काही जणांच्या चेहऱ्यावर मेकअपनं व्रण काढला आणि तो त्यांना आरशात दाखवला. मग रंग टिकावा म्हणून क्रीम लावतो असं सांगून त्यांच्या नकळत तो पुसून टाकला. ही माणसं स्वच्छ चेहऱ्यानं अनोळखी व्यक्तीशी बोलून आली आणि नंतर सांगू लागली की समोरची व्यक्ती व्रणामुळे अवघडली होती, तिच्या वागण्यात ते जाणवत होतं. व्रण नव्हताच. समोरच्याचं साधं हलणं, नजर वळवणं, हसणं, या सगळ्याला त्यांनी आपल्या मनातला अर्थ चिकटवला होता.

हे ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ती हसली तेव्हा कदाचित फोनवर बोलत होती. कानात काहीतरी होतं तिच्या."

चारचौघांत असा अवघडलेपणा येतो तेव्हा आत काय चालतं, याची चांगली मांडणी डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 मध्ये केली. माणसाचं लक्ष समोरच्या जगावरून उठतं आणि स्वतःवर येऊन बसतं. कान तापले, हात थरथरला, ही आतली खबर घेऊन तो स्वतःचं बाहेरून काढल्यासारखं एक चित्र मनात तयार करतो आणि लोकांना हेच दिसतंय असं मानतो. बाईंच्या मनातलं चित्र विचारलं तर त्यांनी क्षणात सांगितलं: राखाडी माणसांच्या मधोमध एक केशरी, घामेजलेली, केविलवाणी बाई. कोपऱ्यात बसून जॅकेट घातलेल्या माणसाचं हे चित्र! दुसरी गोष्ट म्हणजे बचावाचे उपाय. जॅकेट, कोपरा, फोनमध्ये घातलेलं डोकं. यांनी तात्पुरतं बरं वाटतं, आणि नेमकं त्यामुळेच भीती पुढच्या वेळेसाठी शाबूत राहते. काही वाईट घडलं नाही याचं श्रेय जॅकेटला जातं.

या उपायांतला एक त्यांच्या लक्षातच आला नव्हता. पोचल्या पोचल्या त्या भेटेल त्याला म्हणत होत्या, "बघा ना, आज पोपट झालाय माझा!" कोणी काही बोलायच्या आत आपणच आपली टर उडवून मोकळं व्हायचं. हे फार जण करतात, आणि मला विचाराल तर बचावाच्या सगळ्या उपायांत हा सर्वांत महागात पडणारा. ज्याचं लक्षही नव्हतं तो आता वरपासून खालपर्यंत बघतो. शिवाय काय म्हणायचं तेही त्याला आपणच पढवलेलं असतं. "अरे वा, आज एकदम रंगीत!" हे वाक्य या विनोदानंतर आलं होतं की आधी? नंतर.

हे सगळं कुठून आलं ते शोधायला फार खणावं लागलं नाही. लहानपणी लाल-पिवळ्या पट्ट्यांचा फ्रॉक घातला होता तेव्हा आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, "काय गं, सर्कशीत निघालीस का?" सगळे हसले. आत्याही विसरली असेल. मी तिथे फार रेंगाळले नाही. एवढंच बघितलं की त्या वाक्याला आजही मान द्यायचा की नाही, हे ठरवायचा अधिकार आता त्यांचा आहे.

त्याहून महत्त्वाचं मी दुसरंच विचारलं. "हा ड्रेस तुम्हाला आवडतो, की असं काही घालता यायला हवं असं वाटतं?" हल्ली बिनधास्त दिसण्याचीही एक सक्ती झाली आहे. फिका रंग मनापासून आवडणारी माणसं असतात. त्यांना काहीही झालेलं नसतं, त्यांनी कुठलीही शिडी चढायची गरज नाही. या बाईंनी मात्र लगेच सांगितलं की रात्री कपाट उघडून त्या ड्रेसवरून नुसता हात फिरवतात. मग म्हटलं, चला.

सुरुवात घरातून. बाहेर जायच्या आधी ड्रेस बराच वेळ अंगावर ठेवायचा, त्यातच भांडी आवरायची, फोन करायचे. त्या टी-शर्टच्या अभ्यासातच दिसलं होतं की खोलीत जाण्याआधी काही वेळ शर्टाची सवय होऊ दिली तर 'इतके जण बघतील' हा अंदाजही खाली येतो. आपली नजर मेली की लोकांची नजरही कमी टोचते. पुढची पायरी अनोळखी लोकांत, थोड्या वेळासाठी, जॅकेट घरी ठेवून. निघण्यापूर्वी कागदावर लिहायचं की काय होईल असं वाटतंय: किती जण थांबून बघतील, कोण काय म्हणेल. आणि तिथे असताना लक्ष बाहेर ठेवायचं काम: कोणी काय घातलंय, कोणाच्या चपलांचा रंग कुठला, कोण कोणाशी वाद घालतंय. परत आल्यावर कागद पुन्हा काढून ताडून बघायचा. हा भाग त्यांना फारच आवडला, ताळेबंद जुळवल्यासारखा. पहिल्या कागदावर 'बहुतेक सगळे' लिहिलं होतं. समोरच्या रकान्यात 'एक लहान मुलगी, आणि तिला फुलं आवडली'.

धडधड व्हायचीच. ती थांबल्यावर जायचं असं नाही, ती घेऊन जायचं, असं आमचं ठरलं होतं. तिथून पळ काढला नाही तर ती आपसूक उतरते. किती वेळात उतरते हे माणसागणिक वेगळं असतं, पण हे स्वतः एकदा अनुभवल्याशिवाय कोणी माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये.

अल्बर्ट एलिस हे नामवंत मानसोपचारतज्ज्ञ आपल्या रुग्णांना मुद्दाम लाजिरवाणं वाटेल असं काही भर रस्त्यात करायला सांगत. दोरीला केळं बांधून कुत्र्यासारखं फिरवायचं, असला एक प्रकार त्यात प्रसिद्ध आहे. मी तो सांगितला तेव्हा बाई खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "त्यापेक्षा माझा ड्रेस बरा!" सगळ्यांना तो सुचवावा असं मला वाटत नाही, पण गंमत म्हणून उपयोगी पडतो.

शेवटी ओळखीची माणसं, कारण अवघड तीच. अनोळखी माणूस बघून पुढे जातो, नातेवाईक बोलतात. आम्ही आधी सराव केला. मी त्यांची जाऊबाई झाले आणि नाक मुरडून म्हणाले, "जरा जास्तच होतंय नाही का या वयात?" पहिल्या उत्तरात त्यांनी ड्रेस सवलतीत मिळाला, मुलीनंच आग्रह केला, फक्त आजच घातलाय, असं सगळं सांगून टाकलं. दुसऱ्यांदा निम्मं गळलं. हळूहळू उरलं ते एवढंच: "मला आवडतात असे रंग." आणि मग विषय बदलायचा. खुलासा दिला की समोरच्याला त्यावर निकाल द्यावासा वाटतो. पुढे खऱ्या जाऊबाई जवळपास हेच बोलल्या. बाईंनी ठरलेलं वाक्य म्हटलं. जाऊबाई म्हणाल्या, "बरं." संपलं! नंतर दिवसभर ते मनाला लागून राहिलं, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. लागणारच. कोणी नावं ठेवली तर वाईट वाटणं हा आजार नाही.

एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. नजर जाणं आणि नजर रोखून धरणं यात फरक आहे. कोणी टक लावून बघत राहतं, मागे येतं, शेरे मारतं, तर तो आपल्या मनाचा खेळ नव्हे आणि त्याला तोंड देण्याचा 'सराव' करायचा नसतो. तिथून निघायचं, सोबत घ्यायची, तक्रार करायची. त्याचा दोष कपड्यांवर टाकायचं कारण नाही.

आणि प्रश्न एका ड्रेसपुरता नसेल तर? चारचौघांत खाणं, बोलणं, सही करणं, सगळ्यालाच ही धास्ती चिकटली असेल, सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकली असेल, आणि तिच्यापायी माणूस कामं, समारंभ, माणसं टाळू लागला असेल, तर ती सामाजिक चिंतेची समस्या असू शकते. तिच्यावर चांगले उपचार आहेत आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटायला उशीर करू नये. या बाईंचं तितकं नव्हतं. चार-सहा महिन्यांत आमच्या भेटी विरळ झाल्या.

मध्यंतरी त्या वेगळ्याच कामासाठी आल्या होत्या. निघताना मी केशरी ड्रेसची चौकशी केली.

"तो हल्ली नाही घालत," त्या म्हणाल्या. माझा चेहरा बघून घाईघाईनं पुढे म्हणाल्या, "अहो मॅडम, खांद्यात काचतो तो! आधी कधी कळलंच नाही. जॅकेटच्या आत काय कळणार? आता निळ्यावर पिवळं काहीतरी बघतेय. एक माप मोठं."