"मी तिथे जाऊन करणार काय?"

नवऱ्याची परदेशी बदली झाली की बायको हा प्रश्न विचारतेच. अमेरिकेला जाणारीला निदान मावसबहीण नाहीतर मराठी मंडळ तरी सापडतं. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाला जाणारीला तोही आधार जवळपास नसतो. मी समुपदेशन करते; अशा काहीजणींच्या बैठकी एकत्र करून, ओळख बदलून हे लिहिते आहे.

पुण्यात बँकेत कर्जविभाग सांभाळणारी ती, राजधानी सान होसेजवळच्या एरेदियात राहायला गेली. तिचे रात्रीचे आठ म्हणजे आपले सकाळचे साडेसात, त्या वेळी आम्ही बोलायचो.

"मॅडम, फार एकटं वाटतं. सारखी घरची आठवण येते."

"दिवसभर काय करता?"

"ह्यांची वाट बघते. टॅक्सीसुद्धा हेच बोलावतात."

"घराचा पत्ता सांगा बघू."

बराच वेळ ती गप्प. "तो ह्यांच्या फोनमध्ये आहे."

त्या देशात घर क्रमांकावर पत्ता क्वचितच चालतो. चर्चपासून 200 मीटर दक्षिणेला, मग 50 मीटर पूर्वेला, असा तो तोंडी सांगायचा असतो. 100 मीटर म्हणजे साधारण एक गल्ली. मग मी भाडेकरार, बँक खातं, सिमकार्ड कुणाच्या नावावर, हे विचारलं. सगळं 'ह्यांच्या'.

"मॅडम, इथे आल्यापासून मी कशावरही सही केलेली नाही."

एवढं ती स्वतःच म्हणाली आणि मला गाठ सापडली. एकटेपणा म्हणून सांगितलं जाणारं दुखणं कित्येकदा परावलंबनाचं असतं. परिस्थितीपेक्षा त्या परिस्थितीबद्दल आपण मनाशी जे घोकतो तेच खचवतं, असं मी मानते. 'मी इथे कुणीच नाही' हे तिचं घोकणं होतं, आणि ते माझ्या समजुतीने नव्हे, तिच्याच कृतीने मोडणार होतं.

आधी पत्ता स्पॅनिशमध्ये पाठ करायचा. पासपोर्टवर स्वतःचं प्रीपेड सिम घ्यायचं. मग शनिवार-रविवारच्या शेतकरी बाजारात, म्हणजे फेरियात, एकटीने जायचं. भाव शेकड्या-हजारांत असतात, त्यामुळे दहापर्यंत आकडे येऊन भागत नाही. मे ते नोव्हेंबर बहुधा दुपारनंतर पाऊस येतो, म्हणून सकाळीच निघावं. कोथिंबीर मिळते, हिरवी केळी मिळतात, आणि युका म्हणजे आपला साबुदाणा ज्याचा होतो तोच कंद. शाकाहारींनी 'सिन कार्ने' एवढंच म्हणून थांबू नये. कार्ने म्हणजे गोमांस असाच अर्थ घेऊन चिकन किंवा हॅम वाढतात. ती नावं घेऊन नको म्हणा, आणि घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी, मांतेका, आहे का तेही विचारा. आपला मिक्सर नेऊ नका, तिथे 120 व्होल्ट असतात. गॅसवरचा कुकर मात्र जरूर न्या.

निवासाच्या कार्डासाठीच्या कागदांचं भारतातच उरका. जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र आणि पोलिसांचा दाखला यांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारं प्रमाणन, लागतं, शिवाय अधिकृत स्पॅनिश भाषांतर. आपल्याकडे खरी अडचण नावाची. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं. तिथली माणसं आई-वडिलांची दोन आडनावं लावतात, त्यामुळे आपलं मधलं नावही आडनाव समजलं जाऊ शकतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. निवासाचं कार्ड, दिमेक्स, हाती येईपर्यंत बँक खातं उघडणं अवघड जातं.

जोडीदार म्हणून मिळालेल्या कार्डावर तिथे नोकरी करता येत नाही. हे दोघांनी निघण्याआधी बोलून घ्यावं, आणि इथल्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजा मिळते का ते विचारावं.