आजीबद्दल लिहायला बसशील तेव्हा

चि. लेकरा,
अनेक आशीर्वाद.

वर्षश्राद्धाच्या स्मरणपुस्तिकेसाठी पाठवलेला तुझा मसुदा वाचला. त्यात 'सेवाभावी' चारदा आणि 'मायेचा सागर' दोनदा आलाय. खोटं काहीच नाही, पण नाव बदललं तर तो कुठल्याही सिस्टरवर खपून जाईल.

आधी तिची ट्रंक उघड. दुय्यम सेवापुस्तिका (नोकरीच्या नोंदींची तिच्याकडची प्रत), परिचर्या म्हणजे नर्सिंग परिषदेचं नोंदणीपत्र आणि जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेचं प्रमाणपत्र मिळतंय का बघ. प्रशिक्षण संपल्याची, नोंदणीची आणि नेमणुकीची तारीख वेगवेगळी असते. घरची माणसं तिन्हींचं मिळून एकच साल सांगतात. पदही तपास. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका, तिच्यावर परिसेविका, त्याहून वर अधिसेविका, म्हणजे मेट्रन. घरात सरसकट 'मेट्रन' म्हणतात, पण तिच्या मैत्रिणींच्या नजरेतून ही चूक सुटणार नाही.

मग तिच्या हातांचं काम लिही. काचेच्या सिरिंजचा काळ तिने पाहिला असेल तर ते नुसतं 'उकळायच्या' म्हणून सोडू नकोस. दट्ट्या आणि नळी वेगळी करून, गॉजमध्ये गुंडाळून गार पाण्यात ठेवायची आणि मग पाणी तापवायचं. दट्ट्या आत राहिला किंवा काच एकदम उकळत्या पाण्यात टाकली, तर ती तडकायची. उकळी फुटल्यावर वीस मिनिटं. बोथट सुया दगडावर घासायच्या आणि कापसातून ओढून बघायच्या. तंतू अडकला तर टोक वाकलंय. सलाइनला पंप नव्हता. 500 मिली आठ तासांत द्यायचं आणि सेट (सलाइनची नळी) मिलीला 20 थेंबांचा, तर मिनिटाला साधारण 21 थेंब. सेकंदकाट्याचं घड्याळ त्यासाठी. तिचं घड्याळ घरात असेल तर लेखाची सुरुवात तिथून कर.

आईपण वेगळ्या परिच्छेदात कोंबू नकोस, ते ड्युटीच्या तक्त्यातच सापडेल. बदल्यांच्या तारखा आणि तुझ्या बाबांचे शाळेचे दाखले शेजारी मांडून बघ. बाबांना 'आई कशी होती' विचारलंस तर 'प्रेमळ' एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा विचार: नाइटच्या आठवड्यात डबा कोण भरायचं? निजायला कुणाकडे सोडायची? सकाळी घरी आल्यावर आधी अंघोळ, की आधी पोराला जवळ घ्यायची? दिवसा झोपायची तरी किती तास? तापात कपाळावरच्या पट्ट्या कोण बदलायचं, आणि ती कामावर असेल तेव्हा? या शेवटच्या प्रश्नावर बाबा गप्प झाले तर रेटू नकोस. दुसऱ्या दिवशी ते आपणहून बोलतील.

पेशंटची नावं, आजार, गाव काहीही छापू नकोस, कितीही वर्षं झाली असली तरी. तिनेही घरी सांगितलं नसेल.

छापण्याआधी तिच्या बॅचच्या एखादीला लेख मोठ्याने वाचून दाखव. वॉर्डचा नंबर ती तिथल्या तिथे दुरुस्त करेल. फोटो साठीच्या समारंभातला नको. टोपी आणि पांढऱ्या साडीतला शोध, आणि मागे शाईने काही लिहिलंय का तेही बघ.