ऑफ-रोड गाडीवर सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओचा १०२ इंची व्हिप अँटेना (लांब, लवचिक काठी) कुठे आणि कसा बसवावा?

मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर किंवा मागच्या बाजूच्या पत्र्यावर. छतावर नको, फांद्या आणि विजेच्या तारा लागतील. मागच्या दारावरच्या स्टेपनीच्या ब्रॅकेटवरही चालतो, पण दाराच्या बिजागरीतून अर्थिंग नीट मिळत नाही. तिथे दारापासून चासीपर्यंत रुंद, विणलेली तांब्याची पट्टी जोडा.

पत्र्यावर बॉल माउंट (काठीचा कोन बदलता येणारा गोल आधार) लावणार असाल तर आतून जाड लोखंडी प्लेट द्याच. एवढ्या लांब काठीचे हेलकावे नुसता पत्रा सोसत नाही, भोकापासून चिरतो. माउंट जिथे टेकतो तिथला रंग खरवडून धातू उघडा करा, नंतर गंज रोखायला वरून ग्रीस. काठीखाली साधारण ६ इंची स्प्रिंग हवीच: फांदीचा धक्का ती झेलते, शिवाय तिच्यासह उंची १०८ इंच, म्हणजे २७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी होते.

सगळ्यात जास्त घोळ इन्सुलेटर वॉशरचा, म्हणजे काठी आणि माउंट विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवणाऱ्या चकतीचा. तो उलटा बसला किंवा राहूनच गेला की काठी थेट बॉडीला शॉर्ट होते. केबल जोडण्याआधी मल्टिमीटरने तपासा: काठी आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी (विजेची थेट जोडणी) येता कामा नये, माउंट आणि चासी यांच्यात यायलाच हवी.

मग चॅनल १ आणि चॅनल ४० वर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे दाखवणारा आकडा) मोजा. दोन्हीकडे २ च्या खाली पुरे. ४० वर जास्त असेल तर अँटेना लांब, १ वर जास्त तर आखूड. दोन्हीकडे ३ च्या वर असेल तर लांबीला हात लावू नका, आधी अर्थिंग बघा. काठी दोरीने पुढे वाकवून बांधलेली असताना आकडे बिघडतात, त्यामुळे मोजताना ती सरळ उभी ठेवा.