अडकलेले पॉइंट सोडवत बसू नका, आधी नवे मिळवा (स्वानुभव, जरा लांबलाय)

जुळे सोलापूरच्या डॉक्टर, तुमची पोस्ट काल रात्री ओपीडी आटोपल्यावर वाचली आणि झोप लागली नाही. रजिस्ट्रेशन संपायला सात आठवडे, खात्यावर सीएमईचे (डॉक्टरांनी पुढे शिकत राहावं म्हणून होणाऱ्या व्याख्यानांचे) 26 पॉइंट, एका परिषदेचे 4 पॉइंट चढलेलेच नाहीत, आणि आयोजक म्हणतायत, "मेल करून ठेवा, बघतो." आकडे थोडे इकडेतिकडे केले तर ही माझीच गोष्ट आहे.

पाच वर्षांत 30 पॉइंट, तेवढे झाले की रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. इथले बीएएमएस आणि होमिओपॅथीचे मित्रमैत्रिणी वाचत असतील तर त्यांची कौन्सिलं वेगळी आहेत, त्यांनी माझं गणित स्वतःला लावू नये. आणि मी वकील नाही. सत्तावीस वर्षं विडी घरकुलजवळ दवाखाना चालवणारी साधी एमबीबीएस आहे. अर्ज भरण्याआधी कौन्सिलच्या साइटवरचं ताजं परिपत्रक स्वतः वाचा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

माझं झालं कोविडच्या आदल्या वर्षी. खात्यावर 28 होते. बाहेरगावच्या एका मोठ्या परिषदेचे 4 चढायचे राहिले होते, ते धरले की 32. म्हणजे मी निर्धास्त. ती परिषद कुणी घेतली होती ते सांगत नाही, त्यातली बरीच माणसं आता पदावरही नाहीत. नोंदणीच्या टेबलावर गर्दी होती, पहिलं सत्र सुरू झालं होतं. मी घाईघाईत हजेरीच्या कागदावर सासरचं नाव लिहिलं. कौन्सिलच्या रजिस्टरला माझं नाव माहेरचंच आहे. वर रजिस्ट्रेशन नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे पडले. दोन दिवस बसून प्रत्येक व्याख्यान ऐकलं, वहीभर टिपणं काढली, प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घरी आणलं. त्यावरही तोच उलटा नंबर छापलेला होता. मी तो दोन वर्षं पाहिला नाही.

इथवरची चूक माझी. ती सुधारायला एक पत्र पुरलं असतं: अमुक डॉक्टर हजर होत्या, नंबर चुकून असा पडला, खरा असा आहे. त्या एका पत्रासाठी मी पाच महिने मागे लागले. आधी उत्तर आलं की रेकॉर्ड मागच्या कमिटीकडे आहे. मागच्या सेक्रेटरींना फोन केला तर ते म्हणाले, आम्ही सगळं नव्यांना सुपूर्द केलंय. मग लग्नाचा दाखला मागितला, दिला. मग म्हणे मूळ प्रमाणपत्र कुरिअरने पाठवा. पाठवलं, आणि ते त्यांच्याच ऑफिसात गहाळ झालं. एक दिवस स्वतः गेले. टेबलावरच्या गृहस्थांनी माझ्यासमोर कपाट उघडलं, त्यात हजेरीच्या फायली वर्षांप्रमाणे लावलेल्या मला दिसत होत्या. "मॅडम, सर आल्याशिवाय हात लावता येत नाही." सर त्या दिवशी आले नाहीत. सोलापूरहून पहाटे निघून गेलेली मी, रिकाम्या हाताने रात्री घरी. हे लिहितानाही माझा हात गरम होतो.

पण माझं खरं नुकसान त्या ऑफिसाने केलं नाही, माझ्या हट्टाने केलं. मला फक्त 2 पॉइंट हवे होते. त्या पाच महिन्यांत सोलापुरातच दोन-तीन सीएमई झाल्या. एक तर रविवारी सकाळची, दवाखान्यापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. मी गेले नाही. माझ्या हक्काचे पॉइंट आहेत, मी तिथे बसले होते, मग पुन्हा का बसू? असं म्हणत राहिले आणि तारीख उलटली. रजिस्ट्रेशन संपल्यावर दवाखाना उघडा ठेवणं मला पटेना. दारावर पाटी लावली. एकोणीस दिवस बंद.

बंदच्या अकराव्या दिवशी दुपारी एक पोरगा स्कूटरवरून घरी आला. "डॉक्टरबाई, अव्वा उठंना." ही अव्वा माझी पंधरा वर्षांपासूनची पेशंट. चाळीसेक वर्षं विड्या वळल्या, तंबाखूच्या धुळीने छाती गेलेली, बीपी, शेवटची दोन वर्षं अंथरुणावर. मी गेले. एप्रिलचं ऊन, पत्र्याखाली भट्टी, आणि तिच्या उशाशी सूप तसंच, त्यात कापलेली तेंदूची पानं. विड्या आता सून वळत असणार. नाडी पाहिली, डोळे पाहिले. गेलेली होती. मुलाने मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे 4अ फॉर्म, पुढे केला. घरी झालेल्या मृत्यूला तो लागतो, आणि शेवटच्या आजारात ज्याने उपचार केले त्या डॉक्टरनेच तो भरायचा असतो. मी सांगितलं, मला आत्ता सही करता येत नाही. कारणही सांगितलं.

"म्हंजे आता तुमी आमचे डॉक्टर न्हाई?"

त्याने रागाने विचारलं नव्हतं, त्याला खरंच कळत नव्हतं. जवळपासचे डॉक्टर न पाहिलेल्या पेशंटचं लिहायला तयार होईनात, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शेवटी मी सुट्टीवर असताना अव्वाला दोनदा तपासलेले एक मित्र संध्याकाळी त्यांच्या ओपीडीतून उठून आले, माझे कागद पाहिले आणि सही केली. दुपारी दोनला गेलेल्या बाईला उचलायला साडेसात झाले. पाव्हणे उन्हात गल्लीत उभे होते. दोन पॉइंटांसाठी.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते: त्या 4 पॉइंटांचा नाद आत्ता बाजूला ठेवा. येत्या दोन-तीन रविवारांत मिळतील तिथून नवे 4 मिळवा, अर्ज करा, पावती हातात घ्या. मग त्या आयोजकांशी वर्षभर भांडा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. आयएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) सोलापूर शाखेचे आणि आपल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजचे कार्यक्रम आधी बघा. पुण्याला जायचं असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसवर विसंबू नका, ती साडेदहाच्या सुमारास पोचते आणि सकाळची हजेरी तोवर होऊन गेलेली असते. आदल्या रात्री जा. कार्यक्रमाला कौन्सिलची मान्यता आहे का आणि पॉइंट किती, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. "पॉइंट मिळतील हो" या तोंडी शब्दाला काही अर्थ नाही. हजेरीच्या कागदावर नाव कौन्सिलच्या रजिस्टरला आहे तेच, अक्षरन् अक्षर. नंबर लिहिल्यावर मोबाइलमधल्या रजिस्ट्रेशनच्या फोटोशी ताडून बघा आणि त्या ओळीचा फोटो काढा. टेबलावरची मुलगी घाई करेल, करू दे. मूळ प्रमाणपत्र कुणालाही कुरिअर करू नका. लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्या मैत्रिणींनी तर कौन्सिलकडे नावबदलाचा अर्ज एकदाचा करून टाकावा, मी तो अव्वाच्या तेराव्यानंतर केला.

तुमच्या पोस्टखाली कुणीतरी लिहिलंय की "एनएमसीचे नियम स्थगित झाले, आता पॉइंट लागत नाहीत". कृपा करून त्यावर जाऊ नका. स्थगित झाली ती एनएमसीची, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची, 2 ऑगस्ट 2023 ची आचारनियमावली, त्याच महिन्याच्या 23 तारखेला. त्यामुळे 2002 ची नियमावली लागू राहिली, आणि पाच वर्षांत 30 तासांचं शिक्षण तिच्यातही सांगितलेलं आहेच.

दुसऱ्या एकाने लिहिलंय की हे सगळं थोतांड आहे, हॉटेलात जेवायचं आणि पॉइंट घ्यायचे. हे मला पटत नाही, पण राग समजतो. नव्या महागड्या गोळीवर एक तास आणि टीबीवर दहा मिनिटं असे कार्यक्रम मीही पाहिलेत. आपल्याकडे यंत्रमागावर कापसाची धूळ आहे, विडीची धूळ आहे, खोकला घेऊन येणारा प्रत्येक तिसरा माणूस "धुळीचाच आहे" म्हणतो, आणि त्यातच टीबी लपतो. एका तरुण मॅडमच्या व्याख्यानानंतर मी खोकल्याचं औषध लिहून मोकळं होणं थांबवलं, दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासायला पाठवतेच. खाजगी डॉक्टरने टीबीची नोंद निक्षयवर (सरकारच्या टीबी पोर्टलवर) करणं बंधनकारक आहे हेही माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते त्याच खुर्चीत. ते व्याख्यान 2 पॉइंटांचं होतं. दवाखान्यावरची 'बंद'ची पाटी निघावी एवढ्याचसाठी मी तिथे गेले होते, त्या एकोणीस दिवसांतल्या शेवटच्या रविवारी.

आज रात्री एवढंच करा. प्रमाणपत्र काढा आणि त्यावरचं नाव आणि नंबर रजिस्ट्रेशनशी ताडून बघा. चूक तिथेच असेल तर मला इथेच कळवा, मी त्या वेळी पाठवलेल्या पत्राचा मसुदा माझ्याकडे अजून आहे, तो टाकते. आणि रविवारच्या सीएमईला नाव नोंदवल्यावर तेही लिहा.