विचारा बिनधास्त: एकाच कॉलेजात दोन फी कशा?

प्रश्न: ताई, मी हिंगोली जिल्ह्यातला, कोरडवाहू शेती आहे. पोरगी बारावी सायन्स झाली, तिला बीएससी करायचंय, पुढं एमएससी पण म्हणते. पाहुणे म्हणतात पुण्याला प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत टाका, तिथली फी ऐकून पोटात गोळा आला. तालुक्याच्या कॉलेजात गेलो तर क्लार्क म्हणतो कॉलेज ग्रांटेड आहे पण बीसीएला ग्रांट नाही. एकाच कॉलेजात दोन भाव कसे काय? आणि हे कॉलेज सरकारी आहे का नाही?

उत्तर: दादा, तुम्ही अगदी मुद्द्याचं विचारलंत, कारण हा घोळ प्रवेशाच्या टायमाला घरोघरी होतो आणि त्यात लोकांचे पैसे जातात.

पूर्ण सरकारी आर्ट्स-सायन्स कॉलेजं आपल्या राज्यात मोजकीच आहेत, म्हणजे कोल्हापूरचं राजाराम, मुंबईचं एल्फिन्स्टन, अमरावतीची विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, अशी. बाकी गावोगावची कॉलेजं शिक्षण संस्थांनी काढलेली आणि त्यातल्या अनुदानित कॉलेजांत मंजूर जागांवरच्या प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, म्हणून तिथं बीएससीची फी वर्षाला काही हजारांत भागते. पण अनुदान हे कोर्सला आणि तुकडीला मिळतं, सगळ्या बिल्डिंगला नाही. बीसीए, बीबीए असे मागून आलेले कोर्स बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित चालतात, मास्तरांचा पगार फीमधूनच निघतो, म्हणून तिथं आकडा एकदम वाढतो. तेव्हा ऑफिसच्या खिडकीवर कॉलेज ग्रांटेड आहे का असं विचारूच नका, "बीएससीची ही तुकडी ग्रांटेबल आहे का" असं विचारा, कारण कधीकधी एकाच कोर्सची अ तुकडी अनुदानित आणि ब तुकडी विनाअनुदानित असते आणि ते पावती हातात पडल्यावरच कळतं. प्रॉस्पेक्टसमधे फीचा तक्ता असतो, त्यात तुकडीसमोर काय लिहिलंय ते पोरीला वाचायला लावा.

दुसरं विचारायचं ते पर्मनंट प्राध्यापक किती. कित्येक वर्षं भरती रखडल्यामुळं ग्रांटेड कॉलेजातसुद्धा कितीतरी तास सीएचबीवाले घेतात, म्हणजे तासावर पैसे मिळणारे शिक्षक, ते बिचारे जीव तोडून शिकवतात पण पुढच्या वर्षी असतीलच याची खात्री नाही, आणि मला याचा खरंच राग येतो कारण खेड्यातल्या पोरांकडं दुसरा पर्याय नसतो. केमिस्ट्रीला, फिजिक्सला कोण आहे आणि लॅब रोज उघडते का, हे सेकंड इयरच्या पोरांना विचारा, ते खरं सांगतील.

आता डिग्री. तुमच्या जिल्ह्यातली कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाला जोडलेली आहेत, ते 1994 ला झालं, त्याआधी हा सगळा भाग औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाखाली होता. गडचिरोली-चंद्रपूरचं तसंच, 2011 ला गोंडवाना विद्यापीठ होईपर्यंत सगळा कारभार नागपूरहून चालायचा. विद्यापीठ जवळ येणं ही लहान गोष्ट नाही हो, पेपर तपासणीत काही राहिलं, मार्कशीटवर नाव चुकलं तर बापाला रोजगार बुडवून किती लांब जावं लागतं त्यावर पोरगी शिकणार का नाही हे ठरतं. तालुक्यात बीएससी केलं तरी डिग्रीवर नाव नांदेडच्या विद्यापीठाचंच येणार. आणि एमएससीला विष्णुपुरीच्या कॅम्पसमधल्या डिपार्टमेंटला नंबर लावा, सार्वजनिक विद्यापीठाचं डिपार्टमेंट म्हणजे कमी फीत मिळणारी लॅब, लायब्ररी आणि रिसर्च करणारे गाईड.

प्रायव्हेट युनिव्हर्सिटीची डिग्री खोटी नसते, यूजीसी म्हणजे विद्यापीठांवर लक्ष ठेवणारी केंद्राची संस्था, तिच्या यादीत असेल तर ती चालते. पण 2024-25 पासून व्यावसायिक कोर्सला ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून झाला असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे ना, त्यातून खाजगी अभिमत आणि सेल्फ फायनान्स विद्यापीठं वगळलेली आहेत. पाहुणे हे सांगत नाहीत. बीएससी असो का दुसरं काही, महाडीबीटी या सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाईटवर पोरीला कुठली स्कॉलरशिप बसते ते बघून फॉर्म वेळेत भरा, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

प्रश्न: एफवायबीएनंतर लग्न झालं, शिक्षण सुटलं. आता ठाण्यात नोकरी करते. ओपन युनिव्हर्सिटीतून बीए केलं तर एमपीएससीला चालतं का?

उत्तर: चालतं! नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ राज्य सरकारच्याच कायद्याने 1989 ला सुरू झालंय, अभ्यासकेंद्रं नेहमीच्या कॉलेजांतच असतात. शिवाय मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण आहेच, तुम्ही ज्याला आयडॉल म्हणून ओळखत असाल ते, ते तर 1971 पासून. एकच करा, तुमच्या कोर्सला त्या वर्षी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का ते साईटवर बघूनच पैसे भरा. "सहा महिन्यात डिग्री"वाल्या जाहिरातींना फोनसुद्धा करू नका.

प्रश्न: नातू म्हणतो सीओईपी आता युनिव्हर्सिटी झाली, म्हणजे प्रायव्हेट झाली का?

उत्तर: नाही आजोबा. 1854 पासूनचं पुण्याचं ते इंजिनीअरिंग कॉलेज 2022 ला राज्याचं सार्वजनिक तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं, म्हणजे डिग्री आता स्वतःची देतं, एवढाच फरक. प्रवेश कॅपमधूनच, मुख्यतः एमएचटी-सीईटीच्या मार्कांवर. नातवाला सांगा, तिथं नंबर नाही लागला तर लोणेरेचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ पण बघ, तेही सरकारीच आहे, आणि कॅपचे ऑप्शन भरताना फीचा कॉलम वाचून मगच क्रम लाव.